हर्णै-कर्दे पट्टा: "चिकन हलाल आहे ना?" याला खरं उत्तर द्यायचं तर साखळीत काय काय तपासावं?

वाडी_मुक्काम

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातल्या मुरूड, कर्दे आणि हर्णै इथल्या काही घरगुती मुक्कामांना आम्ही किराणा आणि चिकन-मटण एकत्र पुरवतो. पाहुणे मुंबई-पुण्याचे, कोल्हापूर-सांगलीचे, सगळ्या धर्मांचे. मुस्लिम कुटुंबाचा फोन आला की खोलीचं भाडं विचारायच्या आधी प्रश्न येतो, "चिकन हलाल आहे ना?" दुकानदार हो म्हणतो, म्हणून आम्हीही हो म्हणतो. उलट काही पाहुणे "आम्हाला हलाल नको, झटका मिळेल का?" असं विचारतात. दोघांनाही खरं तेच सांगायचं आहे. नुसतं हो-हो करून वेळ मारून न्यायची नाही.

आता रोज गावातून ताजं आणण्याऐवजी चिपळूणहून थंड केलेलं चिकन आठवड्यातून तीनदा आणायचा विचार आहे. काही गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. दुकानात भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र पुरेसं असतं का? माल क्रेटमधून, बर्फातून, दुसऱ्याच्या फ्रीजमधून आला तर हलालपण टिकतं का, आणि बिघडलंच तर कुठे बिघडतं? मासळीला हे काही लागतं का? आणि मुळात पाहुण्याला नेमकं काय जाणून घ्यायचं असतं?

घाटवाट_पोल्ट्री

ताई, प्रमाणपत्राकडे मी शेवटी येतो, कारण गडबड व्हायची ती त्याच्या बरीच आधी झालेली असते. सुरुवात गाडीपासून करा.

माल कुंभार्ली उतरून येत असेल तर एका जाळीच्या क्रेटमध्ये १० ते १२ पक्षी असतात. एप्रिल-मे महिन्यात गाडी फार्मवरून उशिरा निघाली आणि ऊन चढल्यावर घाटाखाली पोचली, तर काही पक्षी क्रेटमध्येच मरतात. ही मरतूक प्रत्येक गाडीत थोडीफार असतेच, ती कोणाला टाळता येत नाही. प्रश्न असतो तो त्या मेलेल्या पक्ष्यांचं पुढे काय होतं हा. आपोआप मेलेला पक्षी मुरदार. त्याच्या मानेवर मागाहून सुरी फिरवून तो हलाल होत नाही, आणि अन्नसुरक्षेच्या दृष्टीनेही तो माणसाच्या खाण्यात येता कामा नये. हलालच्या साखळीत पहिलं आणि सगळ्यात मोठं भोक हेच आहे, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना ते दिसत नाही.

हे ताडून बघायला हिशेब मागा. गाडीत २४० पक्षी आले, ७ मेलेले निघाले, २३३ कापले. सरासरी जिवंत वजन २.१ किलो धरलं तर ४८९ किलो झाले. कातडी, डोकं, पाय, आतडी काढून साधारण ६४ टक्के माल हाती लागतो, म्हणजे ३१३ किलो. त्या दिवशीची विक्री ३६० किलो दिसली, तर वरचे ४७ किलो, म्हणजे जवळजवळ ३५ पक्षी, आले कुठून? एक तर ते दुसऱ्या कुणाकडून कापून आले, किंवा टाकायचे ते विकले गेले. चांगला दुकानदार हा हिशेब वहीत ठेवतो आणि मेलेले पक्षी कुठे पुरले किंवा कुणाला दिले तेही लिहितो. वही दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या भिंतीवरच्या कागदाला फार किंमत देऊ नका.

मेलेला पक्षी कापलेला असेल तर उघड्या मालातही ओळखू येतो. मांस काळपट-लाल दिसतं, पंखांच्या आणि मांडीच्या शिरांत रक्त साकळलेलं असतं आणि मानेच्या कापाच्या कडा आत ओढलेल्या नसतात, सपाट असतात. जिवंतपणी कापलेल्या मानेची कातडी लगेच मागे सरकते. पण तुकडे करून, हळद-मीठ लावून आलेल्या मालात यातलं काहीच कळत नाही. म्हणून माल अख्खा मागवा आणि तुकडे तुमच्या समोर किंवा तुमच्याकडे करा.

आता कापण्याबद्दल. पक्षी एकेक करून हातात घेतला पाहिजे, प्रत्येकावर तस्मिया (बिस्मिल्ला, म्हणजे अल्लाचं नाव) म्हटली पाहिजे आणि धारदार सुरीच्या एका ओढीत गळा कापला गेला पाहिजे. त्यानंतर पक्षी शंकूत (नरसाळ्यासारख्या भांड्यात) उलटा धरून अडीच-तीन मिनिटं रक्त निथळू द्यायचं. कोंबडीच्या अंगातल्या रक्तापैकी साधारण निम्मंच बाहेर येतं, पण तेही तीस सेकंदांत येत नाही. रविवारी सकाळी, गटारीला, शिमग्याला किंवा ३१ डिसेंबरला दुकानात रांग लागते तेव्हा ही तीन मिनिटं सगळ्यात आधी गायब होतात. पक्षी ड्रममध्ये एकावर एक फेकले जातात, खालचे वरच्यांच्या भाराने घुसमटतात, आणि फडफड थांबायच्या आत कातडी ओढली जाते किंवा गरम पाण्यात बुडवलं जातं. पूर्ण जीव जायच्या आत पाण्यात गेलेला पक्षी कापाने मेला की बुडून, हे मग कुणालाच सांगता येत नाही. डोळ्याच्या बुबुळाला हलकेच बोट लावून पापणी हलत नाही आणि श्वास थांबला आहे, एवढं पाहूनच पुढचं काम करायचं. ज्या दुकानात एक माणूस फक्त कापतो, दुसरा फक्त सोलतो आणि मध्ये सहा-आठ शंकूंची रांग आहे, तिथे हे आपसूक पाळलं जातं.

मोठ्या कारखान्यातून माल घेणार असाल तर एक प्रश्न जास्तीचा विचारा: विजेचा झटका देऊन गुंगी आणतात का? काही जण देतात. हलालच्या बहुतेक मानकांत तो चालतो, पण अट अशी की पक्षी झटक्याने मरता कामा नये. न कापता बाजूला ठेवला तर तो पुन्हा शुद्धीवर आला पाहिजे. विजेचा दाब चुकला की काही पक्षी तिथेच मरतात. कारखान्यात ही चाचणी किती वेळाने घेतात आणि तिची नोंद कुठे आहे, हे विचारायला लाजू नका.

बाणकोट_खाडी

पोल्ट्रीवाल्या भाईंनी कापण्याचं नीट सांगितलं. पाहुण्याच्या मनात काय असतं त्याबद्दल थोडं लिहितो, कारण "हलाल आहे का" या एका प्रश्नात माणसागणिक वेगळे प्रश्न दडलेले असतात.

शाफई आणि हनफी हे सुन्नी मुसलमानांतले धर्मनियमांचे दोन पंथ. कोकणातले स्थानिक मुसलमान बहुतांशी शाफई आहेत. तुमच्याकडे मुंबई-पुण्याहून किंवा घाटावरून येणारे बरेच पाहुणे हनफी असतील. दोघांचं हलाल नव्वद टक्के एकच आहे, पण स्वयंपाकघरात अडचण येते ती उरलेल्या दहा टक्क्यांत.

गळ्यात चार गोष्टी असतात: श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन बाजूंच्या रक्तवाहिन्या. शाफई मताप्रमाणे श्वासनलिका आणि अन्ननलिका पूर्ण कापली गेलीच पाहिजे. हनफी मताप्रमाणे चारपैकी किमान तीन. चारही कापल्या की कुणाचाच प्रश्न उरत नाही, आणि रक्तही चांगलं निथळतं. कापताना अल्लाचं नाव घेणं शाफईंकडे सुन्नत आहे, म्हणजे घ्यावं, पण सक्तीचं नाही. हनफींकडे ते जाणूनबुजून गाळलं तर मांस हराम होतं. म्हणून टेप लावून कापलेलं किंवा एकदाच म्हणून शंभर पक्ष्यांवर यंत्राची पात फिरवलेलं चिकन पुष्कळ हनफी घरं खात नाहीत. तुम्ही चिपळूणच्या माणसाला "प्रत्येक पक्ष्यावर, तोंडाने" एवढी अट घाला, म्हणजे दोन्हीकडचे पाहुणे निश्चिंत जेवतील. डोकं पूर्ण उडवणं मकरूह आहे, टाळलेलं बरं, पण त्याने मांस हराम होत नाही. असा पक्षी दिसला म्हणून माल परत पाठवू नका.

मासळीचं विचारलंत. मासळी कापावी लागत नाही, ती हलालच. पापलेट, सुरमई, बांगडा, सौंदाळे यांच्या पाटीवर हलाल लिहिण्यात अर्थ नाही. लिहिलंत तर उलट शंका येते की आधी काय होतं. मतभेद आहेत ते बाकीच्या जिनसांत. कोलंबी शाफईंना चालते, हनफींमध्ये बरेच खातात, काही टाळतात. तिसऱ्या (शिंपल्या), कालवं, म्हाकूळ हनफी सहसा खात नाहीत, शाफई खातात. कुर्ल्यांबद्दल (खेकड्यांबद्दल) तर शाफईंमध्येही एकमत नाही, कारण पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे जगणाऱ्या प्राण्यांचा नियम वेगळा आहे. म्हणून "आमचं सगळं सीफूड हलाल" असं सरसकट लिहू नका. थाळीत काय काय आहे ते लिहा, पाहुणा आपलं आपण ठरवतो. आणि तिसऱ्यांच्या सुक्याचा डाव कोलंबीच्या कालवणात घालू नका. एवढीशी गोष्ट आहे, पण जेवायला बसलेला माणूस ती बघत असतो.

एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सुचणार नाही. वाडीत राखण दिली की राखणदाराला, म्हणजे वाडीचं रक्षण करणाऱ्या देवाला, कोंबडा देतात, आणि तो प्रसाद म्हणून घरोघर येतो. अल्लाखेरीज दुसऱ्या कुणाच्या नावाने दिलेला प्राणी मुसलमानाला चालत नाही, मग तो कुणीही आणि कसाही कापलेला असो. त्यात कुणाच्या श्रद्धेचा अनादर नाही, नियमच तसा आहे. ज्या घरात पाहुणे आहेत तिथे त्या दिवशीची सागोती वेगळ्या टोपात शिजवा आणि पाहुण्याला वाढू नका. आपुलकीने वाढली आणि नंतर कळलं, तर त्या माणसाला फार लागतं.

गावठी कोंबड्याचं असंच. पाहुणे मुद्दाम वडे-सागोतीसाठी गावठी मागतात, आणि तो बहुधा घरातलाच कुणीतरी कापतो. मुस्लिम पाहुण्यासाठी असेल तर शेजारच्या मोहल्ल्यातून कुणाला तरी बोलवा. महाराष्ट्राच्या गावगाड्यात हे काम मुलाणी पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, त्यात कुणाला अवघड वाटायचं कारण नाही. पाहुण्याला स्वतः कापायचं असेल तर सुरीला ताजी धार लावून द्या.

शीतसाखळी_रत्नागिरी

मी मत्स्यप्रक्रिया आणि शीतगृह या बाजूने लिहितोय. कापून झाल्यावर पुढे काय होतं, एवढ्यापुरतंच.

ताज्या दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्यामुळे विश्वास माणसावर असतो. माल थंड करून दूर पाठवला की तो विश्वास क्रेट, बर्फ, टेम्पो आणि फ्रीज यांच्यावर जातो, आणि या चारही गोष्टी सहसा दुसऱ्या कुणाच्या तरी असतात. मलेशियाने यासाठी वेगळं मानकच केलं आहे, एमएस २४००. त्याचे तीन भाग आहेत: वाहतूक, गोदाम आणि किरकोळ विक्री. तुम्हाला ते मानक घ्यायची गरज नाही, पण त्यातला प्रश्न उपयोगी आहे: या भांड्यात, या गाडीत, या कपाटात याआधी काय होतं?

रत्नागिरी जिल्ह्यात याचं उत्तर बहुतेक वेळा "मासळी" असतं आणि मग काही बिघडत नाही, फक्त वास लागतो. सिंधुदुर्गात, मालवण-वेंगुर्ला-सावंतवाडी भागात, गोठवलेला माल गोव्याच्या वितरकाकडून येत असेल तर मात्र नीट विचारा. तिकडे डुकराचं सॉसेज आणि चिकन नगेट एकाच डीप फ्रीजरमध्ये असू शकतात. बंद पाकिटं एकमेकांना लागली म्हणून चिकन हराम होत नाही. पण पाकीट फाटलेलं असेल, किंवा वीज गेल्यावर वितळून पाणी खाली गळलं असेल, तर तो माल मुस्लिम पाहुण्याला देऊ नये. पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते आपण जाणतो. शाफई मताप्रमाणे डुकराचा किंवा कुत्र्याचा ओला संपर्क झालेलं भांडं सात वेळा धुवावं लागतं, त्यातलं एकदा माती कालवलेल्या पाण्याने. गाडी धुतली असं वितरक म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर फक्त पाइप आणि साबण असतो. त्यापेक्षा असा टेम्पो घेऊच नका.

तुमच्यासाठी व्यवस्था साधी ठेवा. झाकणाचे, एकाच रंगाचे क्रेट स्वतः विकत घ्या आणि चिपळूणच्या दुकानात तेच ठेवा. त्यात दुसरं काही भरायचं नाही. क्रेटच्या तळाला जाळी हवी, म्हणजे वितळलेलं पाणी मालाखाली साठत नाही. बर्फ मासळीच्या बंदरावरचा, आधी वापरलेला, फुकट मिळतो म्हणून घेऊ नका. त्याने चिकनला बांगड्याचा वास लागतो आणि जंतूही येतात. कापल्यावर माल लवकरात लवकर ४ अंशांखाली आला पाहिजे. घाईत गरम माल थेट प्लास्टिक पिशवीत बांधून क्रेटमध्ये रचला की मधल्या पिशव्या कित्येक तास कोमट राहतात, आणि संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो. आधी तासभर बर्फाच्या पाण्यात, मग निथळून पिशवीत. ० ते ४ अंशांत दोन दिवस, फार तर तीन. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर उणे १८ अंशांत गोठवा. मुक्कामांच्या घरी वेगळा फ्रीज नसेल तर झाकणाचा स्वतंत्र डबा ठेवा: शिजवलेल्या अन्नाच्या खाली, पण ज्याचा उगम माहीत नाही अशा कच्च्या मांसाच्या वर. गळणारं पाणी खाली जातं, म्हणून हा क्रम.

मसाला लावून ठेवायचा असेल तर पाकिटं वाचा. हिरवा ठिपका असेल तर दूध-मधासारख्या मोजक्या अपवादांखेरीज प्राणिजन्य काही नाही एवढी खात्री मिळते, त्यामुळे आयएनएस ४७१ (आयएनएस म्हणजे लेबलवरचा मिश्रकाचा क्रमांक; ४७१ हा चरबी किंवा तेलापासून करतात) सारखा घटकही वनस्पतिजन्य धरता येतो. मात्र हिरवा ठिपका अल्कोहोलबद्दल काहीच सांगत नाही. व्हॅनिला इसेन्समध्ये आणि काही सोया सॉसमध्ये ते असू शकतं. तपकिरी त्रिकोण असलेल्या किंवा आयात मालावर आयएनएस ४२८ म्हणजे जिलेटिन आणि १२० म्हणजे कोचिनियल किड्यांपासूनचा लाल रंग, हे दोन आधी शोधा. क्रॅब स्टिक नावाने मिळणारी वस्तू खेकड्याची नसते, ती सुरिमीची, म्हणजे माशाच्या मांसाची असते. अंड्याचा पांढरा भाग, साखर, रंग आणि स्वाद घालून ती करतात. त्यातला स्वाद आणि रंग कशाचा ते लेबलवर पाहा.

जाता जाता: आमरसाच्या डब्याला हलाल प्रमाणपत्र कशाला, असं लोक रागाने विचारतात. हापूसच्या रसात हराम व्हायला काही नसतं हे खरंच आहे. तो कागद परदेशी खरेदीदार मागतो, आणि त्यात तपासलं जातं ते रसाच्या आजूबाजूचं: त्याच लाइनवर आणखी काय भरलं जातं, यंत्राला लावायचं वंगण कशाचं, साठवण कुठे. परदेशात माल जात नसेल तर त्याची गरज नाही.

वाडी_मुक्काम

फार मोलाची माहिती. राखणीचा मुद्दा आमच्या डोक्यातच नव्हता. दोन शंका उरल्या. प्रमाणपत्राचं नेमकं स्थान काय? आणि झटका मागणाऱ्या पाहुण्याला काय सांगायचं? पाटी एकच लावायची आहे, वाद नको आहे.

बाजार_पाहणी

आधी कायद्याचं, थोडक्यात. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक हा स्वच्छतेचा आणि धंद्याच्या नोंदीचा आहे, तो हलालबद्दल काही म्हणत नाही. २०११ च्या परवाना नियमांत दिवसाला ५० कोंबड्यांपर्यंत नोंदणी आणि ५० च्या वर १००० पर्यंत राज्य परवाना अशी विभागणी आहे; तुमचा दुकानदार कुठे बसतो ते बघा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम २८ प्रमाणे धर्माने सांगितलेल्या पद्धतीने प्राणी मारणं हा गुन्हा नाही, आणि ते कलम कोणत्याही एका धर्मासाठी नाही. हलाल प्रमाणपत्रं खासगी संस्था देतात. निर्यातीच्या मांसासाठी परदेश व्यापार महासंचालनालयाने एप्रिल २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि भारतीय गुणवत्ता परिषदेची आय-कॅस हलाल योजना त्याला जोडली. उत्तर प्रदेशने १८ नोव्हेंबर २०२३ रोजी हलाल प्रमाणित खाद्यपदार्थांचं उत्पादन, साठवण आणि विक्री यांवर बंदी घातली. ती त्या राज्यापुरती आहे आणि निर्यातीला लागू नाही. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणाच्या दुकानांसाठी मल्हार प्रमाणपत्राची घोषणा केली. तुमचे पाहुणे याच बातम्या वाचून येतात, म्हणून प्रश्न वाढले आहेत.

आता मानसिकता. मांस कोवळं आहे की नाही हे खाऊन कळतं. हलाल होतं की नाही हे खाल्ल्यावरही कळत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक मालाची परीक्षा करत नाही, सांगणाऱ्याची करतो. बेल्जियममध्ये बॉन आणि व्हर्बेके यांनी २००८ मध्ये मुस्लिम ग्राहकांवर जे काम प्रसिद्ध केलं, त्यात सुपरमार्केटच्या लेबलपेक्षा आपल्या समाजातल्या खाटकावर लोकांचा विश्वास जास्त दिसला. हलाल साखळीवर लिहिणारे मार्को टीमन साखळीत बघायच्या तीन गोष्टी सांगतात: हरामशी थेट संपर्क, मिसळ होण्याचा धोका आणि ग्राहकाची धारणा. तिसरी गोष्ट पहिल्या दोन गोष्टींइतकीच खरी मानायची. पाकीट बंद होतं, नियमात बसत होतं, तरी सॉसेजशेजारी ठेवलेलं चिकन पाहून पाहुण्याचा घास अडत असेल, तर त्याला नियम समजावत बसू नका, डबा हलवा.

कोकणात याला एक वेगळी बाजू आहे. चिपळूण, खेड, दापोली, रत्नागिरीच्या बाजारात मुस्लिम दुकानदाराकडून मटण-चिकन घेणारं बरंचसं गिऱ्हाईक हिंदू असतं. ते हलाल म्हणून घेत नाही. माल ताजा, तोल बरोबर आणि दुकान ओळखीचं म्हणून घेतं. त्यातल्या काहींना आता पद्धतीबद्दल प्रश्न पडतोय. त्या प्रश्नालाही तेवढंच सरळ उत्तर हवं. "सगळं सारखंच असतं हो" असं म्हणू नका, कारण ते सारखं नसतं. झटक्यात एका घावात मान वेगळी होते, हलालमध्ये गळा कापून रक्त निथळू देतात. ज्याला एक हवं त्याला दुसरं खपवणं ही दोन्हीकडे सारखीच फसवणूक आहे.

झटका द्यायचा असेल तर हिंदू खाटकाच्या दुकानातून वेगळा माल, वेगळ्या रंगाचा क्रेट, वेगळी सुरी, वेगळा ओट्याचा कोपरा, असं सगळं लागेल. इतक्या घरांच्या पसाऱ्यात दोन्ही साखळ्या सांभाळायला गेलात तर एखाद्या शनिवारी क्रेट बदलणारच. मला विचाराल तर एकच मांस-साखळी ठेवा आणि ज्याला ती नको त्याला मासळी आणि अंडी द्या. हर्णै बंदर दाराशी असताना मासळी ही काही दुय्यम सोय नाही.

पाटीवर दावा कमी आणि माहिती जास्त असू द्या. असं काहीतरी: "चिकन चिपळूणहून येते. मुस्लिम कारागीर प्रत्येक पक्षी हाताने, बिस्मिल्ला म्हणून कापतात. झटका मांस मिळत नाही. स्वयंपाकघर सामाईक आहे. डुकराचे मांस आणि दारू स्वयंपाकघरात वापरत नाही. कोलंबी, तिसऱ्या, कुर्ल्या यांचे पदार्थ वेगळ्या भांड्यांत करतो." यातलं जे खरं नसेल ते वाक्य काढा. एखाद्या घरात पाहुण्यांना दारू प्यायला मुभा असेल तर तेही लिहा. बऱ्याच कुटुंबांना ताटातल्या चिकनइतकंच शेजारच्या टेबलाचंही पडलेलं असतं. हीच पाटी बुकिंगच्या वेळी व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे माणूस दापोली गाठायच्या आधी ठरवतो.

प्रमाणपत्र असलेला पुरवठादार मिळाला तर घ्या, पण कागदावर तीन गोष्टी पाहा: पत्ता त्याच दुकानाचा आहे की मालकाच्या दुसऱ्या जागेचा, मुदत संपली आहे का, आणि तो कत्तलीसाठी आहे की फक्त विक्रीसाठी. विक्रीच्या कागदात पक्षी कुणी कापला याची हमी नसते.

घाटवाट_पोल्ट्री

बाजार_पाहणी यांचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. त्यात माझी थोडी भर.

दुकान बघायला जाल तेव्हा रविवारी सकाळी ९ ते ११ च्या मध्ये जा, सोमवारी दुपारी नको. शंकू किती, कापणारा कोण, तो सुट्टीवर असतो तेव्हा कोण कापतो, हे विचारा. बदली माणूस हा नेहमीचा घोटाळा. शुक्रवारी जुम्म्याच्या वेळेला कापणारा नमाजला जातो, दुकान उघडंच असतं आणि सोलणारा पोरगा सुरी हातात घेतो. म्हणून तुमचा माल शुक्रवारी घ्यायचा असेल तर सकाळी ११ च्या आत किंवा दुपारी ३ नंतर कापायला सांगा.

प्रत्येक क्रेटला चिठ्ठी लावा: तारीख, कापायची वेळ, कापणाऱ्याचं नाव, पक्षी किती, वजन किती. चिठ्ठी पाण्यात भिजते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून झाकणाच्या आतल्या बाजूने चिकटवा. तुमच्याकडे उतरताना पक्षी मोजा आणि क्रेटच्या मधल्या एका पक्ष्याच्या छातीत थर्मामीटर खुपसून पाहा. ७ अंशांच्या वर दिसलं तर तो माल त्याच दिवशी शिजवा, आणि १० च्या वर गेलं असेल तर परत पाठवा. चिठ्ठ्या महिनाभर जपून ठेवा. पाहुण्याने विचारलं तर त्याच दिवसाची चिठ्ठी त्याच्या हातात देता येते.

भावाचं बोलून घ्या. तीन मिनिटं निथळलेला, बर्फात थंड केलेला, अख्खा पक्षी देताना दुकानदाराचं वजन घटतं आणि वेळ जातो, त्यामुळे तो किलोमागे थोडं जास्त मागेल. ते द्या. त्यात घासाघीस केली की तो ती तीन मिनिटंच वाचवणार.